छावणीत जावयाची चौकशी

मनमाडला सकाळच्या गाडीत चढलो तेव्हा माझ्या पिशवीत नारळ, सुपाऱ्या आणि मुलाकडच्यांसाठी टोपी-उपरणी होती. डोक्यात मात्र नुसता संशय होता.

त्या दिवशी दुपारी करमाडला, माझ्या साडूच्या म्हणजे अशोकरावांच्या घरी, माझ्या मुलीची, सायलीची, सुपारी फुटायची होती. (सुपारी फुटली की लग्न ठरलं. त्यानंतर मागे फिरणाऱ्या घराशी आमच्यात पुढे कोणी सोयरीक करत नाही.) बायको आणि सायली आदल्या दिवशीच तिकडे गेल्या होत्या. मुलगा औरंगाबादच्या छावणीतला, नाव ओंकार. कॅनडात शिकायला गेला आणि तिथल्याच एका फुटबॉल क्लबात खेळायला लागला. स्थळ अशोकरावांनी आणलं. मुलगा सुट्टीत आला तेव्हा पाहण्याचा कार्यक्रमही त्यांनीच उरकला. मी तेव्हा मालाच्या खरेदीसाठी इंदूरला होतो. परत आलो तोवर सायलीचा होकार गेलेला. मुलीचा बाप मी आणि मलाच सगळ्यात शेवटी कळवलं. का, तर म्हणे, ‘नाना संतापतील.’ हे ऐकून मी संतापणार नाही तर काय करणार?

मी जुन्या टायरचा व्यापारी. मनमाडच्या चौफुलीवर पंक्चर काढत काढत दुकान उभं केलं. टायर घेताना मी वरची नक्षी बघत नाही, आत हात घालून बोटं फिरवतो. ठिगळ असलं तर ते आतच असतं. स्थळाच्या बाबतीतही माझी तीच रीत. मुलाच्या घरी पोहे खाऊन काही कळत नाही. त्याच्या गल्लीत जायचं, चहा घ्यायचा आणि कान उघडे ठेवायचे. म्हणून बायकोला फोनवर सांगितलं, औरंगाबादला टायरचा एक लॉट बघतो आणि परस्पर करमाडला येतो. लॉट वगैरे काही नव्हता.

फाल्गुनातली सकाळ होती. नगरसोल मागे पडलं तसं दोन्ही बाजूंना कापणी झालेले गहू आणि मोकळी काळी रानं लागली. लासूर स्टेशनवर चहासाठी खाली उतरलो. चहावाल्याने अर्धाच कप भरला. मी हुज्जत घातली, तेवढ्यात गाडी हलली. धावत डब्यात चढताना तो अर्धा कपही माझ्या पांढऱ्या शर्टावर सांडला. शेजारच्या बाकावरच्या म्हातारबाबांनी डागाकडे बघितलं.

“पाव्हणं, कुठं निघालात?”

“सोयरिकीला.”

“मंग शर्ट उलटा घाला,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या वेळी मला राग आला. पुढे तो डाग माझ्या कामी आला. असा मळका शर्ट घालून फिरणारा माणूस मुलीचा बाप असेल, अशी शंका कोणाला येत नाही.

तिकिटावर छत्रपती संभाजीनगर, रिक्षावाल्यांच्या तोंडी औरंगाबाद. स्टेशनबाहेर रिक्षा केली आणि लोखंडी पुलावरून छावणीत आलो. लष्कराची वस्ती, त्यामुळे रस्ते रुंद, झाडं जुनी. मैदानावर एवढ्या उन्हातही पोरं चेंडू लाथाडत होती. मनमाडला पोरांच्या हातात बॅट असते. इथे मात्र बहुतेकांचे गुडघे खरचटलेले. मैदानासमोर हमीदभाईंचं हॉटेल. आत बाकडी, भट्टीवर नानचा वास, आणि भिंतीवर लाल शर्टातल्या एका मुलाचा मोठा फोटो. तो ओंकार होता. आमच्या घरात त्याचा याहून लहान फोटो फिरला होता.

मी कोपऱ्यात बसलो आणि नान-कलिया मागवला. (कलिया म्हणजे मटणाचा हळद घालून केलेला पातळ रस्सा. नान त्यात बुडवूनच खायचा.) चव उत्तम होती, हे नंतर आठवलं. तेव्हा घास गिळणं अवघड झालं, कारण शेजारच्या बाकड्यावर माझ्या होणाऱ्या जावयाचा निकाल लावणं चाललं होतं.

बोलणारे दोघं होते. एक खाकी शर्टातला रिक्षावाला, त्याला सगळे शौकत म्हणत होते. दुसरा शेंद्र्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला तरुण, प्रमोद, म्हणजे पम्या. दोघांच्या मधे एक मोबाइल आडवा ठेवलेला. गल्ल्यावरून हमीदभाई मधूनमधून तोंड घालत होते. ओंकारच्या क्लबाने नव्या हंगामासाठी घेतलेल्या खेळाडूंची नावं त्या सकाळी जाहीर झाली होती. हे तिघं त्या क्लबाला ‘आपली टीम’ म्हणत होते. कॅनडा त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता.

“गोलकीपर घेतला, ठीक आहे,” पम्या म्हणाला. “पण हा दुसरा बघ. डावीकडं खेळतो. घानाचा आहे. कसला पळतोय, बघ की!”

“डावीकडे तो अपना ओम्या है ना,” शौकत म्हणाला. “दोन-दोन डावे कायको?”

“तेच तर. एकाला बसवायला.”

“कोणाला?”

“तूच सांग. ज्याचा गुडघा गेलाय त्याला.”

माझा घास हातातच राहिला.

“गेला नाय रे, ऑपरेशन झालंय,” हमीदभाई गल्ल्यावरून म्हणाले.

“चाचा, मागच्या हंगामात शेवटी पाहिलं ना त्याला? वळतानाच लंगडतो. लई दिवस झाले, मी म्हणतोय, आता सोडा त्याला.”

“ए पम्या, जबान संभाल!”

“अरे, माझा पण दोस्तच आहे तो! पण टीम म्हणजे टीम. लंगड्या घोड्याला किती दिवस चारा घालायचा?”

अशोकरावांनी गुडघ्याचा शब्दही काढला नव्हता. माझं डोकं तापलं, पण तोंड बंद ठेवलं. माल ठोकून बघताना विकणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. मी साळसूद आवाजात विचारलं, “कोण हो हा मुलगा?”

दोघंही खूश झाले. अनोळखी माणसाला आपल्या खेळाडूबद्दल सांगायची संधी कोण सोडतं? तो आधी याच मैदानावर अनवाणी कसा खेळायचा, कॉलेजच्या टीमचा कप्तान कसा झाला, पहिल्या सामन्याच्या वेळी सगळी छावणी पहाटे या हॉटेलात कशी जमली, असं सगळं सांगितलं. मी माना डोलावत होतो. मग मला नको ती घाई झाली.

“स्वभावाने कसा आहे? पितो वगैरे?”

पम्याने माझ्याकडे बघितलं. “म्हणजे?”

“नाही, सहज. वडिलांचं काय? घर स्वतःचं का भाड्याचं? शेती आहे का कुठे?”

शौकतने मोबाइल पालथा घातला. डाव्या बाजूला खेळणाऱ्या पोराची शेती विचारणारा माणूस त्यांना आजवर भेटला नसणार. हमीदभाई गल्ला सोडून बाहेर आले, माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत डोकावले. नारळ वरच होता.

“पाव्हणं,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही मुलीकडचे व्हय?”

मी पिशवीचं तोंड दाबून धरलं. तेवढ्याने त्यांना कळायचं ते कळलं.

पुढचा प्रकार मी जन्मात विसरणार नाही. ज्या पम्याने आत्ता ओंकारला लंगडा घोडा म्हटलं होतं, तो उभा राहून म्हणाला, “काका, हिरा आहे पोरगा! सुपारीचं खांडसुद्धा खात नाही.”

“गुडघा एकदम फर्स्ट क्लास,” शौकत म्हणाला. “आधीपेक्षा चांगला.”

“आत्ता तर म्हणालात, वळतानाच लंगडतो!”

“ते दुसरा. तिकडे अजून एक ओंकार है.”

“कॅनडात?”

“हौ.”

हमीदभाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. आमच्याकडे काय आणि मराठवाड्यात काय, कोणाची सोयरीक आपल्या तोंडाने मोडावी असं कोणालाच वाटत नाही. म्हणून चौकशीला आलेला माणूस ओळखू आला की अख्खी गल्ली गोड बोलायला लागते. माझी चूक ही, की मी मुलाच्या चाहत्यांना शेजारी समजलो. पहिलं बोलणं खरं की दुसरं, याचा आता काही पत्ता लागणार नव्हता. मी पैसे ठेवले आणि बाहेर पडलो.

शौकत मागून धावत आला. “चाचा, ओम्याच्या सुपारीला करमाडला ना? बसा.”

“किती घेणार?”

“नक्को.” (म्हणजे काही नको.)

“भाव सांग!”

“आपसे नहीं लेता.”

भाव न सांगणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे मला आजवर समजलेलं नाही. मी रस्त्यात उभा राहून ओरडलो, तोही ओरडला, आणि तेवढ्यात पम्या पुढच्या सीटच्या कडेला जाऊन बसलाही. शेवटी बसलो. दुपार होत आली होती.

जालना रोडला रिक्षा लागली, चिकलठाणा मागे पडलं. पुढे शेंद्र्याचे मोठमोठे कारखाने, त्यांच्या भिंतींना लागून वाळलेली तुरीची रानं. गरम वारा तोंडावर येत होता. दोघंही मागे वळून वळून मला समजावत होते.

“चाचा, आम्ही चाहते माणसं. आमचं काय मनावर घेता? सामना हरला की आम्ही देवालाही सोडत नाय.”

“पुढे बघून चालव!”

“माझ्यामुळं ओम्याचं लग्न मोडलं ना,” पम्या म्हणाला, “तर छावणीत मला कोणी चहा पाजणार नाय.”

वरून राग, आतून भीती. सायली फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे. पण उद्या त्या क्लबाने याला हाकललं, गुडघा गेला, परक्या मुलखात हे दोघं, तर? आणि ही गोष्ट लपवली असेल तर अजून काय काय लपवलं असेल? करमाड जवळ आलं तसं मनात एकच होतं: सुपारी फुटू द्यायची नाही.

अशोकरावांच्या अंगणात मांडव नव्हता, पण सतरंज्या टाकल्या होत्या. ओंकारचे आई-वडील येऊन बसलेले. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, शांत माणूस. गुरुजींनी पाट मांडला होता. मी चपला न काढताच बोललो.

“अशोकराव, मुलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हे मला का सांगितलं नाही?”

ओंकारच्या वडिलांनी मान खाली घातली. मग दारातून सायली म्हणाली, “नाना, मला माहीत आहे. पहिल्या भेटीतच सांगितलं त्याने. मी त्याचे रिपोर्ट पाहिलेत.”

“आणि मला?”

बायकोने पदर सावरला आणि माझ्या शर्टावरच्या डागाकडे बघत बसली. मग मला कळलं. गुडघा कोणी लपवलाच नव्हता. तो फक्त माझ्यापासून लपवला होता.

“त्या मुलाला फोन लावा,” मी म्हणालो. “मला एकट्याने बोलायचंय.”

घरामागे अशोकरावांची मोसंबीची बाग आहे. फुलांचा वास भरला होता. मी फोन घेऊन झाडांत गेलो. कॅनडात अजून उजाडलं नव्हतं, पण मुलगा जागा होता. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

“ओंकार, तुमच्या क्लबाने दोन नवे खेळाडू घेतलेत.”

“हो काका.”

“त्यातला डावीकडचा कोणाच्या जागी?”

“माझ्या.”

“म्हणजे तू बसून राहणार?”

“बसूनही नाही. काल मला बोलावून सांगितलं. यंदा मला ठेवणार नाहीत. बाहेर अजून जाहीर केलेलं नाही.”

मी झाडाला हात टेकवला. “वडिलांना सांगितलंस?”

“नाही. संध्याकाळी सांगणार आहे. आज त्यांना किती आनंद झालाय, तुम्ही पाहिलंच असेल. पण सुपारी फुटायच्या आत तुमच्या घरात कळायला हवं होतं. तुमच्याकडच्या सकाळपासून सायलीला फोन करतोय, तिचा फोन मावशींकडे आहे, त्या म्हणतात सुपारी झाल्यावर बोला. बरं झालं तुम्ही विचारलंत.” मग तो म्हणाला, “काका, तुम्ही नाही म्हणालात तरी माझी काही तक्रार नाही.”

धंद्यात माझी उभी हयात गेली. सौदा पक्का व्हायच्या आत मालातली खोट आपणहून सांगणारा विकणारा मला भेटलेला नाही. मीही कधी सांगितली नाही. सायलीला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला.

ती बागेत लांब गेली. मला तिची फक्त पाठ दिसत होती. मधेच ती खाली बसली, परत उठली. अंगणातून गुरुजींची हाक आली, मुहूर्त टळतोय. मी हातानेच थांबवलं. तिने रडावं की रागवावं, मला काय बरं वाटेल, तेच मला कळत नव्हतं.

ती परत आली तेव्हा डोळे लाल होते, आवाज स्थिर होता.

“नाना, मी त्याला म्हटलं, नानांना विचारते. तुम्ही काय म्हणता?”

मनमाडपासून मी ‘नाही’ तोंडात धरून आलो होतो. मला कोणी विचारत नाही म्हणून इतके दिवस धुमसत होतो. आणि आता तिने विचारलं तर मी उलट तिलाच विचारलं.

“तो करणार काय आता?”

“तिकडे मुलांना शिकवायचं काम मिळेल म्हणतो. नाही जमलं तर परत येईल. मी कमावतेय ना.”

“बाई, खेळणाऱ्या माणसाचा खेळ सुटला की तो घरात फार चिडचिड करतो. रोज त्याचा राग सोसावा लागेल.”

“तुमच्या घरात वाढलेय मी, नाना.”

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

“चल,” मी म्हणालो, “गुरुजी खोळंबलेत.”

सुपारी फुटली. ओंकारच्या वडिलांनी मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाले, “गुडघ्याचं मनातून काढून टाका. यंदाचा हंगाम तो गाजवणार.” मी हो म्हणालो. बाहेर ओट्यावर शौकत आणि पम्या पंगतीत बसून जिलबी खात होते, आणि पम्या ज्याला त्याला सांगत होता की लग्न त्यानेच जमवलं.

बायको आणि सायली राहणार होत्या. मी संध्याकाळच्या गाडीसाठी त्याच रिक्षाने परत निघालो. उतरत्या उन्हात कारखान्यांची पाळी सुटत होती, रस्ताभर माणसं. शौकतने विचारलं, “चाचा, ओम्यासे बात हुई ना? क्या बोला? खेळवणार का त्याला?”

“आमचं लग्नाचं बोलणं झालं,” मी म्हणालो.

मग दोघांनी आपसातच सुरू केलं. शौकतचं म्हणणं, दोघांनाही घ्यावं, घानाच्या पोराला मागे आणि ओम्याला पुढे. पम्या म्हणत होता, पुढे पळायला दम पाहिजे, त्याला मधे ठेवा. लाल दिव्याशी थांबलेल्या रिक्षात त्यांनी बोटांनी सीटवर मैदान आखलं. ज्या जागेसाठी हे भांडत होते ती जागा आदल्या दिवशीच गेली होती, आणि रिक्षात हे फक्त मला माहीत होतं. माझ्या जिभेला थांबायची सवय नाही. त्या दिवशी मी ती दातांखाली धरली.

“काका, तुम्हाला काय वाटतं?” पम्याने विचारलं.

“पुढेच ठेवा,” मी म्हणालो. “पण आधी त्याला थोडी विश्रांती घेऊ द्या.”

“देखा!” शौकत ओरडला. “सासरे बुवा को समझता है!”

स्टेशनवर त्याने भाडं घेतलंच नाही. मी नोट त्याच्या खिशात कोंबली, त्याने ती माझ्या पिशवीत टाकली, आणि लोक बघायला लागले तेव्हा मी हार मानली.

गाडीत खिडकीशी बसलो. दौलताबादचा किल्ला अंधूक होत गेला. लोक म्हणतात, प्रवासाने माणूस हलका होतो. मी तर जड होऊन परतत होतो. सकाळी मुलाची खोट शोधायला निघालो, ती सापडली, आणि सापडल्यावर मी मुलगी दिली. बरोबर केलं की चूक, हे आजही मला ठाम सांगता येणार नाही.

मनमाडच्या फलाटावर पाय ठेवला आणि फोन वाजला. ओंकारचे वडील. दुपारचा तो आवाज राहिला नव्हता.

“एक गोष्ट सांगायची आहे तुम्हाला,” ते म्हणाले. “आम्हाला आत्ताच कळलं. तुम्ही सुपारी परत घेतलीत तरी आम्ही...”

“व्याही,” मी म्हणालो, “मला माहीत आहे. सुपारी फुटायच्या आधीपासून माहीत आहे.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“ओंकारने,” मी म्हणालो. “सगळ्यात आधी मला.”

आणि खरं सांगतो, एवढ्या काळजीतही हे म्हणताना मला बरं वाटलं.